वर्गसभा, वर्गणी आणि पंक्तिप्रपंच : फिलाडेल्फियातील बेथेल मेथॉडिस्ट मंडळीचे सामुदायिक जीवन (१७८६ ते १८३१)

प्रस्तावना

ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासलेखनात धर्मसिद्धान्त, धर्मगुरू आणि वास्तू यांना मोठे स्थान मिळते. मंडळीतील सामान्य माणसे आठवड्यातून कितीदा एकत्र येत, आजारी सभासदाच्या घरी कोण जाई, विधवेच्या निर्वाहाची तजवीज कोण करी आणि प्रार्थनेच्या वेळी कोण कोठे बसे, हे प्रश्न मात्र बहुधा दुय्यम मानले जातात. वास्तविक मेथॉडिस्ट पंथाची खरी शक्ती याच तपशिलात होती. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीय मेथॉडिस्टांच्या बेथेल मंडळीचा विचार केला आहे. ज्या मंडळीने बंधुभाव शिकविला तिनेच पंक्तिप्रपंच केला, तेव्हा अपमानित सभासदांनी त्या बंधुभावाचा त्याग केला नाही. त्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. ही प्रक्रिया कशी घडली याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

मेथॉडिस्ट सहजीवनाची घडण

इंग्लंडमधील जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या चळवळीत ‘वर्ग’ या संस्थेचा उगम एका व्यावहारिक अडचणीतून झाला. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडावयाचे होते. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि सुमारे बारा सभासदांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावी, अशी सूचना पुढे आली. वर्गणी गोळा करणारा घरी गेला की त्या कुटुंबातील आजारपण, भांडण, व्यसन, बेकारी हे सारे त्याच्या दृष्टीस पडू लागले. वेस्लींनी या योजनेचे महत्त्व तत्काळ ओळखले. लवकरच वर्गणी गोळा करणारा वर्गाचा नायक बनला आणि वर्ग दर आठवड्याला एकत्र बसू लागला. तेथे प्रत्येकाने आपल्या आत्मिक स्थितीविषयी बोलावे, इतरांनी ऐकावे, धीर द्यावा, प्रसंगी कानउघाडणीही करावी, असा प्रघात पडला.

या रचनेची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे बोलण्यासाठी विद्वत्तेची अट नव्हती. अशिक्षित मजूर किंवा मोलकरीणही आपला अनुभव सांगू शकत होती. दुसरे म्हणजे पैसा आणि प्रार्थना यांची येथे फारकत नव्हती. सभासदत्व म्हणजे भेटीगाठी, हिशेब आणि परस्परांविषयीची जबाबदारी होय, असा अर्थ त्यातून रूढ झाला.

गुलामगिरीविषयीही आरंभीच्या मेथॉडिस्टांची भूमिका कठोर होती. वेस्लींनी १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १७८४ च्या अखेरीस बाल्टिमोर येथे मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली, तेव्हा सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत असे नियम संमत झाले; परंतु दक्षिणेकडील विरोधामुळे १७८५ मध्येच ते स्थगित करण्यात आले. तत्त्व आणि आचरण यांतील ही तफावत पुढील घटनांची पूर्वसूचना होती.

रिचर्ड ॲलन आणि बेचाळीस सभासदांची मंडळी

रिचर्ड ॲलन (१७६०–१८३१) यांचा जन्म गुलामगिरीत झाला. डेलावेअरमधील शेतावर असताना मेथॉडिस्ट प्रवासी उपदेशकांच्या संपर्कात ते आले आणि वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी तो पंथ स्वीकारला. पुढे त्यांच्या मालकाचेही मन वळले आणि त्याने ॲलन यांना आपले स्वातंत्र्य विकत घेण्याची मुभा दिली. लाकडे तोडणे, विटांच्या भट्टीवर राबणे, मिठाच्या गाड्या हाकणे अशी कामे करून ॲलन यांनी ती रक्कम १७८३ पर्यंत फेडली.

१७८६ मध्ये ते फिलाडेल्फियात आले. तेथील सेंट जॉर्जेस चर्च १७६९ पासून मेथॉडिस्टांच्या ताब्यात होते. ॲलन यांना तेथे पहाटे पाचची वेळ प्रवचनासाठी मिळाली. गोऱ्या सभासदांच्या सोयीच्या वेळा अर्थातच त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. तथापि शहराच्या निरनिराळ्या भागांत फिरून, दिवसातून अनेकदा प्रवचने करून त्यांनी ४२ कृष्णवर्णीय सभासदांची मंडळी उभी केली.

१२ एप्रिल १७८७ रोजी ॲलन, ॲब्सलम जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ ही परस्पर साहाय्य करणारी संस्था स्थापन केली. सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यावयाचा. वर्षभर वर्गणी भरल्यानंतर तो अडचणीत आल्यास त्याला आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मिळावयाचे. मात्र ती अडचण त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीतून आलेली नसावी, अशी अट होती. मद्यपींना सभासदत्व नव्हते. सभासदाच्या पश्चात त्याच्या विधवेला साहाय्य करण्याची, मुलांच्या शिक्षणाची आणि त्यांना एखाद्या धंद्यात उमेदवारीस लावण्याची तरतूद होती. ही संस्था कोणत्याही एका पंथाची नव्हती. तरीही नियमित वर्गणी, शिस्त आणि घरोघरची विचारपूस या तिच्या पद्धतींचे मेथॉडिस्ट वर्गाशी असलेले साम्य स्पष्ट दिसते.

सेंट जॉर्जेसमधील प्रसंग

कृष्णवर्णीयांची संख्या वाढू लागली तसे सेंट जॉर्जेसमध्ये त्यांना भिंतीलगत आणि पुढे सज्जात बसविण्यात येऊ लागले. एका रविवारी प्रार्थना चालू असतानाच एका विश्वस्ताने गुडघे टेकलेल्या ॲब्सलम जोन्स यांना ओढून उठविण्याचा प्रयत्न केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबावे, अशी जोन्स यांची विनंती होती. तीही मान्य झाली नाही. प्रार्थना संपताच सर्व कृष्णवर्णीय सभासद एकत्र उठून बाहेर पडले. ॲलन यांच्या आत्मचरित्रात हा प्रसंग १७८७ मधील म्हणून येतो. परंतु चर्चमधील सज्जाचे बांधकाम १७९२ मध्ये झाल्याचे लक्षात घेऊन अनेक इतिहासकार तो १७९२ च्या सुमारास घडला असे मानतात. तसे असेल तर स्वतंत्र मंडळीची हालचाल या अपमानाच्या आधीच सुरू झाली होती, असा निष्कर्ष निघतो. म्हणजेच बेथेलची निर्मिती ही केवळ क्षणिक संतापाची प्रतिक्रिया नव्हती.

या सज्जाचा अर्थ मराठी वाचकाला निराळा समजावून देण्याची आवश्यकता नाही. प्रवेश आहे पण पंगत निराळी, ही व्यवस्था कोणत्याही भूमीत सहभागितेचा पायाच पोखरते.

बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्यांनी एपिस्कोपल पंथ स्वीकारला. जोन्स यांच्या नेतृत्वाखाली सेंट टॉमस चर्च १७ जुलै १७९४ रोजी सुरू झाले. त्या मंडळीचे धर्मगुरूपद आधी ॲलन यांना देऊ करण्यात आले होते. त्यांनी ते नाकारले. साध्या, अशिक्षित माणसाला समजेल असा उपदेश आणि वर्गाची शिस्त मेथॉडिस्टांकडेच आहे, अशी त्यांची धारणा होती. अपमान करणारी माणसे आणि त्या माणसांनी शिकविलेली जीवनपद्धती यांत त्यांनी भेद केला. एक लोहारशाळा विकत घेऊन ती सिक्स्थ स्ट्रीटवरील जागेवर ओढून आणण्यात आली आणि तिचेच प्रार्थनामंदिर झाले. २९ जुलै १७९४ रोजी बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांच्या उपस्थितीत त्याचे समर्पण झाले. तेच बेथेल होय.

१७९३ ची साथ आणि सेवेचा हिशेब

बेथेल उभे राहण्याआधीच या समाजाच्या सेवाभावाची कसोटी लागली होती. १७९३ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फिलाडेल्फियात पीतज्वराची भीषण साथ पसरली. सुमारे ५० हजार वस्तीच्या या राजधानीत जवळजवळ ५ हजार माणसे दगावली. हजारो सधन नागरिक शहर सोडून गेले. आफ्रिकी वंशाच्या लोकांना हा ज्वर होत नाही, असा त्या काळी एक चुकीचा समज होता. त्याच समजुतीने प्रख्यात वैद्य बेंजामिन रश यांनी त्यांना मदतीचे आवाहन केले. ॲलन आणि जोन्स यांनी शुश्रूषा करणारी माणसे मिळवून दिली, प्रेते उचलण्याची व्यवस्था केली आणि रश यांच्या सूचनेनुसार, त्या काळच्या वैद्यकाला अनुसरून, ८०० हून अधिक रुग्णांचे रक्तमोक्षणही केले. तो समज किती घातक होता हे लवकरच सिद्ध झाले. ३०० हून अधिक कृष्णवर्णीय मृत्युमुखी पडले. स्वतः ॲलनही आजारी पडून वाचले.

साथ ओसरताच प्रकाशक मॅथ्यू केरी यांच्या पुस्तिकेत, काही कृष्णवर्णीय परिचारकांनी अवाच्या सवा पैसे उकळले व रुग्णांची घरे लुटली, असा आरोप करण्यात आला. ॲलन आणि जोन्स यांची मात्र त्यात प्रशंसा होती. दोघांनीही ही विभागणी नाकारली. १७९४ च्या आरंभी त्यांनी प्रसिद्ध केलेल्या उत्तरपर पुस्तिकेत अनामिक परिचारिकांच्या निःस्वार्थ सेवेची उदाहरणे आहेत, तशीच गोऱ्यांनी केलेल्या लुबाडणुकीचीही आहेत. विशेष म्हणजे त्यांनी प्रेतांच्या व्यवस्थेचा जमाखर्चच छापला. एकूण जमा २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्या आणि माणसांची मजुरी मिळून खर्च ४११ पौंड. म्हणजे १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्सची तूट त्यांच्या पदरी आली. महापौर मॅथ्यू क्लार्कसन यांचे प्रशस्तिपत्रही सोबत जोडले होते.

आपल्यापुरती मिळालेली स्तुती स्वीकारून गप्प बसणे दोघांनाही सोपे होते. समाजाची बदनामी होत असताना वैयक्तिक गौरव न स्वीकारणे, ही सहभागितेची सर्वांत कठीण परीक्षा होती. तिला त्यांनी भावनेपेक्षा हिशेबाने उत्तर दिले. वर्गणीची वही सांभाळण्याची सवय येथे कामी आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

मंडळीचे अंतर्गत जीवन

बेथेलमध्ये वर्ग, वर्गनायक, प्रार्थनासभा आणि प्रीतिभोजन ही मेथॉडिस्ट चौकट कायम राहिली. १८०१ मध्ये ॲलन यांनी आपल्या मंडळीसाठी गीतांचा स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध केला.

या सहजीवनाला मर्यादाही होत्या. जॅरेना ली या स्त्रीने प्रवचन करण्याची अनुमती मागितली, तेव्हा पंथाच्या नियमांत स्त्री-उपदेशकांची तरतूद नाही, असे उत्तर ॲलन यांनी दिले. पुढे १८१९ च्या सुमारास बेथेलमध्ये चालू प्रवचनात उपदेशक अडखळला असता ली उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. त्यानंतर ॲलन यांनी आपले मत बदलून त्यांना मान्यता दिली. सज्जातून बाहेर पडलेल्या मंडळीतही कोणाला बोलू द्यावयाचे हा प्रश्न शिल्लक होता, हे यावरून दिसते.

मंडळी नेत्यांच्या मागे आंधळेपणाने जाणारीही नव्हती. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठविण्याच्या योजनेला आरंभी ॲलन आणि जेम्स फोर्टन यांची काहीशी सहानुभूती होती. १८१७ च्या जानेवारीत बेथेलमध्ये सुमारे ३ हजार लोक जमले आणि त्यांनी ती योजना एकमुखाने फेटाळली. नेत्यांनी तो कौल शिरोधार्य मानला.

किल्ल्या कोणाच्या?

स्वतंत्र वास्तू मिळाली तरी स्वायत्तता मिळाली नव्हती. १७९६ मध्ये कायदेशीर नोंदणीसाठी तयार झालेल्या दस्तात बेथेलची मालमत्ता व्यापक मेथॉडिस्ट संघटनेच्या नियंत्रणाखाली जाते, हे मंडळीला काही वर्षांनी उमगले. सेंट जॉर्जेसच्या वडिलांनी किल्ल्या आणि वह्या यांवर हक्क सांगितला. १८०७ मध्ये बेथेलने दोनतृतीयांश सभासदांच्या संमतीने दुरुस्तीपत्र करून निर्णयाधिकार आपल्याकडे घेतला. संघर्ष चालूच राहिला. १८१५ मध्ये वास्तूचा लिलाव झाला, तेव्हा ॲलन यांना १० हजार डॉलरहून अधिक बोली लावून ती सोडवावी लागली. त्याच सुमारास सेंट जॉर्जेसकडून आलेला उपदेशक व्यासपीठापर्यंत पोहोचू नये म्हणून सभासद मार्गिकेत दाटीने उभे राहिले. १८१६ च्या आरंभी पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निर्णय दिला.

एप्रिल १८१६ मध्ये फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि आसपासच्या मंडळींचे प्रतिनिधी एकत्र आले आणि आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. ११ एप्रिल रोजी ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. पंथाचे नियम आणि नाव दोन्ही त्यांनी मेथॉडिस्टच ठेवले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

ज्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चपासून बेथेल वेगळे झाले त्याचेच कार्य १८५६ मध्ये भारतात सुरू झाले. विल्यम टेलर यांच्या प्रयत्नांनी १८७१-७२ मध्ये मुंबईत ज्या मेथॉडिस्ट मंडळी उभ्या राहिल्या, त्यांचा आरंभही घरोघरी भरणाऱ्या छोट्या गटांतून झाला होता. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांच्या गुलामांच्या मुक्तिकार्याबद्दल अर्पण केला. मुक्तिदात्यांचा तो गौरव यथार्थच होता. बेथेलचा इतिहास त्याची दुसरी बाजू पुढे आणतो. ज्यांना मुक्त करण्यात आले असे मानले जाते, त्यांनीही दरमहा शिलिंग-शिलिंग जमवून आपल्या संस्था उभ्या केल्या होत्या.

बेथेलच्या अनुभवावरून असे दिसते की धर्ममंडळीतील बंधुभाव केवळ उपदेशाने टिकत नाही. आजाऱ्याच्या घरी जाण्याचा नेम, सर्वांना पाहता येईल असा जमाखर्च, बोलण्याचा समान अधिकार आणि मालमत्तेच्या दस्तातील शब्द यांवर तो अवलंबून असतो. सेंट जॉर्जेसमध्ये उपदेश होता, पण आसनव्यवस्थेने तो खोटा ठरविला. लोहारशाळेत जमलेल्या माणसांनी तोच उपदेश घेतला आणि त्याला अनुरूप अशी व्यवस्था घडविण्यासाठी सुमारे तीन दशके खर्ची घातली.