ब्रुसेल्सच्या दफ्तरातील अर्ज

१९७३ साली फ्रान्सची सीआयआय, पश्चिम जर्मनीची सीमेन्स आणि हॉलंडची फिलिप्स या तीन कंपन्यांनी ‘युनिडेटा’ या नावाने एकत्र संगणक बांधण्याचा संसार थाटला, आणि १९७५ साली फ्रेंच सरकारने आपल्या कंपनीची सोयरीक हनीवेल-बुल या अमेरिकन भांडवलाच्या घराण्याशी जुळविल्याने तो मोडला. माहिती-तंत्रज्ञानातील संशोधनास ब्रुसेल्सहून, म्हणजे युरोपीय आयोगाकडून, मिळणाऱ्या द्रव्याचा इतिहास सांगणारे बहुधा १९८४ पासून प्रारंभ करतात. माझ्या मते तो या मोडलेल्या संसारापासून सांगावयास हवा, कारण पुढील काळात अर्जदारांवर जी जी कलमे लादली गेली त्यांच्या मुळाशी हीच धास्ती दिसते, की निरनिराळ्या राष्ट्रांतील संस्था आपण होऊन एकत्र नांदत नाहीत, त्यांना द्रव्याच्या आशेने आणि करारमदाराच्या बंधनानेच एका मेजाभोवती बसवावे लागते.

त्या वेळची परिस्थिती अशी होती की संगणकाच्या बाजारात अमेरिकेच्या आयबीएमचा अंमल निर्वेधपणे चालत होता, आणि ब्रिटनची आयसीएल, फ्रान्सची बुल, इटलीची ऑलिव्हेत्ती व जर्मनीची सीमेन्स या कंपन्या आपापल्या सरकारच्या आश्रयाने आपापल्या सरहद्दीच्या आत तग धरून होत्या. अमेरिकन उद्योगाच्या या आव्हानाची कैफियत झाँ-झाक सर्व्हाँ-श्रायबेर यांनी १९६७ सालीच एका गाजलेल्या ग्रंथात मांडली होती; तथापि राज्यकर्त्यांना खरी जाग आणली ती जपानने, १९८२ साली पाचव्या पिढीच्या संगणकाचा आपला महत्त्वाकांक्षी उपक्रम सुरू करून. युरोपीय आयोगात उद्योगखाते सांभाळणारे बेल्जियमचे व्हायकाउंट एत्येन दाविन्यों यांनी या भयाचा मोठ्या चातुर्याने उपयोग करून घेतला. सरकारांची मनधरणी करण्यात कालहरण न करता त्यांनी बारा मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनाच आपल्यासमोर बसविले आणि संशोधनाचा मसुदा त्यांच्याच तज्ज्ञांकडून लिहवून घेतला, जेणेकरून पुढे ज्या सरकारांनी त्यास हरकत घ्यावी त्यांना आपल्याच देशातील प्रमुख उद्योगपतींना नकार दिल्यासारखे व्हावे.

कायद्याची अडचण मात्र चातुर्याने सुटण्याजोगी नव्हती. युरोपीय समुदाय स्थापणाऱ्या १९५७ च्या रोम करारात अशा औद्योगिक संशोधनास द्रव्य देण्याचा स्पष्ट अधिकार कोठेच नमूद नव्हता, आणि कंपन्यांनी परस्परांत संगनमत करून स्पर्धा रोखू नये असा निर्बंध मात्र स्वच्छ शब्दांत लिहिला होता. पहिल्या अडचणीवर करारातील २३५ वे कलम, म्हणजे सर्व सभासद-राष्ट्रांनी एकमताने मान्य केल्यास नवे काम हाती घेण्याची मुभा देणारे कलम, कामी आले. दुसरीवर ‘स्पर्धापूर्व संशोधन’ ही संज्ञा योजून तोड काढण्यात आली. माल बाजारात येण्याच्या पुष्कळ आधीची जी ज्ञानाची पायरी, तेथवर प्रतिस्पर्ध्यांनी खुशाल सहकार्य करावे, पुढे ज्याचे त्याने पाहावे, असा त्याचा मथितार्थ. ही सीमारेषा कागदावर जितकी ठळक उमटते तितकी प्रयोगशाळेत उमटत नाही, हे सर्वांसच ठाऊक होते. परंतु राज्यकारभारात अशा उपयुक्त संदिग्धतेवाचून फारसे काही चालत नाही.

१९८३ मध्ये १ कोटी १५ लाख एक्यू (एक्यू हे समुदायाचे त्या काळचे हिशेबी चलन) खर्चून चाचणी घेण्यात आली, आणि ब्रिटन व जर्मनी यांची खर्चाविषयीची कुरकुर मिटल्यावर २८ फेब्रुवारी १९८४ रोजी ‘एस्प्री’ या योजनेस मंजुरी मिळाली. पाच वर्षांसाठी १५० कोटी एक्यू, त्यातील निम्मे समुदायाच्या तिजोरीतून आणि निम्मे सहभागी संस्थांच्या पदरचे, असा शिरस्ता ठरला. सूक्ष्मविद्युत्, संगणकप्रणाली, माहिती-संस्करण, कचेरीतील यंत्रे आणि संगणकाधिष्ठित कारखानदारी ही पाच क्षेत्रे नेमून देण्यात आली, आणि निरनिराळ्या सभासद-राष्ट्रांतील किमान दोन कंपन्या एकत्र आल्यावाचून अर्ज दाखल होणार नाही अशी अट घालण्यात आली. विनोदाचा भाग असा की सहकार्याचे हे अर्ज सिद्ध करणाऱ्यांना परस्परांशी बोलणेही दुर्घट होते. त्यांच्या पत्रव्यवहारासाठी डब्लिनच्या विद्यापीठात ‘युरोकॉम’ नावाची संगणकीय संदेशव्यवस्था चालविण्यात आली.

या द्रव्यातून निघालेल्या सर्वच कामांची फळे गोड होती असे नाही; कित्येकांचे अहवाल दफ्तरात जाऊन पडले ते पुन्हा कोणी उघडले नाहीत. परंतु एका कामाचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने ‘ट्रान्सप्युटर’ नावाची चिप निर्माण केली होती. आपल्यासारख्याच अनेक चिपांशी थेट जोडली जाऊन एकच काम वाटून करावे, हे तिचे वैशिष्ट्य. एस्प्रीच्या ‘सुपरनोड’ प्रकल्पात ब्रिटिश व फ्रेंच संस्था एकत्र आल्या, अशा असंख्य चिपांची सांगड घालून स्वस्तात महासंगणक उभा करण्याचे त्यांनी योजिले, आणि त्याच ओघात अपूर्णांकांचे गणित झपाट्याने करणारी टी-८०० ही सुधारलेली चिप सिद्ध झाली. इकडे अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना म्हणून भारत सरकारने १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापिली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये जो परम-८००० तयार झाला तो याच ट्रान्सप्युटरांच्या जुळणीवर उभा होता. अमेरिकेची मिंधेगिरी टाळण्यासाठी ब्रुसेल्सने खर्चिलेला पैसा अशा रीतीने तोच हेतू मनी धरणाऱ्या पुण्याच्या उपयोगी पडला. आणि हा उपयोग कोणत्याही अर्जाच्या ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात कोणी लिहिला असेल असे मला वाटत नाही.

१९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने संशोधनास करारात हक्काचे स्थान दिले आणि बहुवार्षिक ‘आराखडा कार्यक्रम’ ही संस्था स्थिरावली. एस्प्रीची चार पर्वे १९९८ पर्यंत चालली. पाचव्या आराखड्यात माहिती-समाजासाठी सुमारे ३६० कोटी युरोंची तरतूद झाली, आणि २००७ ते २०१३ च्या सातव्यात ती ९०० कोटींवर गेली. मधल्या सहाव्या आराखड्यात, २००२ पासून, मोठाल्या ‘एकात्मिक प्रकल्पां’चे खूळ शिरले. दहाबारा, क्वचित त्याहूनही पुष्कळ अधिक संस्थांची मोट बांधावी म्हणजे युरोपचे ऐक्य आपोआप साधेल, ही त्यामागील कल्पना. २००४ साली रामोन मारिमोन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या नव्या साधनांतील दोषांवर बोट ठेवले, तोवर अनेक संशोधकांची वर्षे बैठकांच्या प्रवासात गेली होती.

या काळात अर्ज लिहिणे ही स्वतंत्र विद्या झाली. निदान तीन राष्ट्रांतील तीन स्वतंत्र संस्था हव्यात हा नियम; पण जाणता समन्वयक तेवढ्यावर थांबत नाही. उत्तरेकडील एक विद्यापीठ, दक्षिणेकडील एक, नव्याने सभासद झालेल्या पूर्वेकडील राष्ट्रातील एखादी संस्था, एक मोठी कंपनी, दोन लहान उद्योग आणि संशोधनाचा प्रत्यक्ष वापर करील असे एखादे रुग्णालय किंवा नगरपालिका, अशी मांडणी तो करतो, आणि या सोयरिकी जुळविण्यासाठी ब्रुसेल्सच्या ‘इन्फो डे’ला हजेरी लावतो. मग कामाचे ‘वर्क पॅकेज’ पाडावयाचे, प्रत्येकास माणूस-महिन्यांचा हिशेब लावावयाचा, कोणत्या महिन्यात कोणते ‘डिलिव्हरेबल’ हाती पडेल ते तक्त्यात भरावयाचे. जे अद्याप कोणास ठाऊक नाही ते एकतिसाव्या महिन्याच्या अखेरीस निश्चित कळेल, असे सहीनिशी लिहून देण्याचा हा प्रकार वैज्ञानिकाच्या सदसद्विवेकास टोचतो. त्यामुळे जे अर्धेअधिक झालेले असते त्याचेच वचन देण्याकडे पुष्कळांचा कल होतो. आणि हे सर्व ब्रुसेल्सच्या घड्याळाने सायंकाळी पाचच्या ठोक्यापूर्वी दाखल करावयाचे.

परीक्षेची पद्धत, मला वाटते, अर्जापेक्षा अधिक न्याय्य आहे. बाहेरून निमंत्रिलेले तज्ज्ञ प्रथम एकमेकांस न विचारता अर्ज वाचतात, मग एकत्र येऊन, कित्येक वर्षे ब्रुसेल्सच्या रॉजिए चौकातील ‘कॉव्हेंट गार्डन’ या इमारतीत, एकमताने गुण ठरवितात. गुणवत्ता, परिणाम आणि अंमलबजावणी यांस प्रत्येकी पाच; प्रत्येकात तीन आणि एकूण पंधरापैकी दहा ही उत्तीर्णतेची किमान रेघ. परंतु द्रव्य थोडे आणि अर्जदार फार, म्हणून तेरा गुण मिळवूनही रिक्तहस्ते परतणारे अनेक असतात. सातव्या आराखड्यात ‘एफईटी-ओपन’ या, भावी व उगवत्या तंत्रज्ञानाच्या, विभागाने एक सुंदर प्रयोग केला होता: पाच पृष्ठांचा, अर्जदाराचे नाव न उघड करणारा मसुदा, आणि तो केव्हाही पाठविण्याची मुभा. केवळ कल्पनेचे मोल करणारी अशी व्यवस्था शासकीय द्रव्याच्या बाबतीत दुर्मीळ होय. २०१४ च्या ‘होरायझन २०२०’ या पुढील आराखड्यात ती मोडून सोळाएक पृष्ठांचा सरळ अर्ज आला, आणि पहिल्याच फेरीत यशाचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली गेले.

हिशेबाचा जाच हा तर जुनाच. तासातासाची नोंद, वर्षांनंतर येणारी तपासणी आणि वसुलीची टांगती तलवार यांस कंटाळून २०१० साली ‘संशोधकांवर विश्वास ठेवा’ अशा मागणीच्या जाहीरनाम्यावर दहा हजारांहून अधिक संशोधकांनी सह्या केल्या. होरायझन २०२० मध्ये संशोधन-प्रकल्पांचा संपूर्ण प्रत्यक्ष खर्च आणि वर सरसकट पंचवीस टक्के अप्रत्यक्ष खर्च देण्याचे ठरले. नेहमीच्या संशोधन-अर्जास घातलेली सत्तर पृष्ठांची मर्यादा पुढील आराखड्यात पंचेचाळीसवर आली.

युरोपीय समुदायाचा भारताशी विज्ञान-सहकार्याचा करार २००१ मध्ये झाला. सहाव्या आराखड्यातील ‘ईयू-इंडियाग्रिड’ प्रकल्पात, इटलीच्या अणुकण-भौतिकी संस्थेच्या समन्वयाखाली, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुणे विद्यापीठ ही युरोपीय संगणनजाळ्याच्या बरोबरीने अर्जात बसली, आणि सातव्यातही भारतीय सहभागी ब्रुसेल्सच्या द्रव्यास पात्र राहिला. २०१४ पासून मात्र भारताची गणना आपला खर्च आपण सोसण्याजोग्या राष्ट्रांत होऊ लागली. अर्जात नाव घालण्यास मज्जाव नाही, पण पैसा आपला आपण आणावा, असा नवा दंडक पडला; त्यावर तोड म्हणून भारत सरकारच्या काही खात्यांनी निवडक विषयांपुरती सह-अनुदानाची सोय केली. तेव्हा त्या विषयांतील पुण्याच्या अर्जदारास आता युरोपीय सोबत्यांचा अर्ज वेळेत गेला की नाही हे पाहावे लागतेच, शिवाय त्याच कामाचा दुसरा मसुदा, निराळ्या नमुन्यात, दिल्लीच्या खात्याकडेही रुजू करावा लागतो.