शब्दांच्या वाटेने इतिहास

शाळेऐवजी घरी शिकणाऱ्या कुमारांस अर्वाचीन युगाच्या आरंभीचा जगाचा इतिहास कोठून शिकवावा? १४९२ मध्ये कोलंबसाची सफर, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे, ही सनावळी पाठ होते. या घटनांचा परस्परसंबंध मात्र हाती लागत नाही. तो घरातल्या स्वयंपाकघरातच दाखविता येतो.

‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्द मूळचे दक्षिण अमेरिकेतील तुपी-ग्वारानी भाषाकुलातले. पोर्तुगीजांच्या द्वारे ते मराठीत आले. येथे वस्तू आणि नाव यांचा मार्ग एकच. ‘बटाटा’ मात्र सावध करतो. कॅरिबियन बेटांत ते नाव रताळ्याचे होते. ‘मिरची’ची गोष्ट आणखी निराळी. वस्तू अमेरिकेतील, नाव मात्र संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरे यावरून आलेले. सबब केवळ व्युत्पत्तीवरून वस्तूचा इतिहास सिद्ध होत नाही. तीस कागदपत्रांची जोड हवी.

या पद्धतीची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ब्राझीलमधील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभे राहिले. त्यांची साक्ष आपल्या स्वयंपाकघरातील कोणताही शब्द देत नाही. घरी शिक्षक एकच, आणि पुष्कळदा ग्रंथही एकच असतो. म्हणून शब्द जेथे मौन धरतो तेथे दुसरा ग्रंथ उघडण्याची सवय लावणे, हेच या अध्यापनाचे खरे प्रयोजन होय.