गाळाचं वजन, गाळाचं बळ

देवगाव रंगारीहून मी मातीकामावर गेलो तो माती तपासणाऱ्यांच्या हाताखाली. 1965 साली पायाभरणी झालेलं आणि 1976 साली राष्ट्राला अर्पण केलेलं पैठणचं जायकवाडी हीच त्या लोकांची शाळा. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध; आत काळ्या मातीचं हार्टिंग, बाहेरून मुरमाचं केसिंग. थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग कोअर कटर ठोकायचा. दहा सेंटिमीटर व्यासाचं, लिटरभर माती मावणारं ते पोलादी नळकांडं. मातीचं वजन करायचं, ओल वजा करायची आणि प्रयोगशाळेत 2.6 किलोच्या हातोड्यानं कुटून काढलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं. अमेरिकेतल्या प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरनं 1933 मध्ये मांडलेली ही रीत. आकडा भरला नाही की थर उकरायचा. त्यात कुणाची भीड चालत नसे.

पुढे गोव्यात डिचोलीकडे खाणींवर गेलो, तिथं ही रीत अपुरी पडते. खनिज धुऊन उरलेला बारीक लाल गाळ पाण्यासकट टेलिंग पाँडमध्ये सोडतात. त्यावर रोलर चढत नाही. गाळ स्वतःच्या वजनानं, वर्षानुवर्षं बसत राहतो. शिवाय त्यात लोह असतं. घनमीटरला 1.6 टन कोरडं वजन आलं, तर आमच्या काळ्या मातीत शंभर भाग कणांमागे जेमतेम 69 भाग पोकळी असते. गाळाचे कण पाण्याच्या 3.6 पट जड असतील, तर तेवढ्याच वजनात शंभराला 125 भाग पोकळी निघते. म्हणजे गाळ भारी, पण विसविशीत. आधी कणांचं विशिष्ट गुरुत्व काढल्याशिवाय घनतेचा आकडा मी कधी मान्य केला नाही.

ही पोकळी किती घातक, हे जगाला धरणांनीच शिकवलं. 1918 मध्ये कॅलिफोर्नियातलं कॅलाव्हेरास धरण बांधतानाच घसरलं. त्याचा भराव पाण्यात कालवलेल्या मातीचा होता, म्हणजे टेलिंगसारखाच. पाण्याचा दाब कणांमधली पकड सोडवतो आणि माती वाहू लागते, हे ॲलन हेझननं 1920 मध्ये लिहून ठेवलं. ही पोकळी मोजायला घेतलेला गाळाचा नमुना नळीत भरून जीपमधून प्रयोगशाळेत नेईपर्यंत हादऱ्यांनी बसतो आणि आहे त्याहून घट्ट दिसतो. म्हणून मोजणी जागेवरच हवी. नेदरलँड्समध्ये 1930च्या दशकात मऊ जमिनीत शंकू दाबून तिचा विरोध मोजायला सुरुवात झाली. आज त्याच शंकूवर पाण्याचा दाबही कळतो. दुसरं साधन व्हेन. चार पात्यांचा दांडा गाळात खुपसून फिरवायचा आणि गाळ कापताना लागलेला पीळ मोजायचा. मग जोरानं काही फेरे देऊन पुन्हा मोजायचं. दुसरं वाचन मला पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं, कारण एकदा ढवळल्यावर गाळात किती बळ उरतं ते त्यातच कळतं.

ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योचा बांध 86 मीटर उंच, लोहखनिजाच्याच गाळाचा. 2016 पासून तिथं नवा गाळ पडत नव्हता. 25 जानेवारी 2019 रोजी, भूकंप नसताना, तो काही सेकंदांत वितळल्यासारखा कोसळला आणि 270 माणसं गेली. कण लोहाच्या संयुगांनी एकमेकांना चिकटलेले होते. त्यामुळे फुटेपर्यंत तो बांध मजबूत वाटत राहिला.

गोव्यातल्या खाणी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मार्च 2018 मध्ये थांबल्या. पाऊस थांबला नाही. तिथं तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. म्हणून खाण चालू असो वा बंद, पाँडच्या बांधातली पाण्याची पातळी आणि व्हेनचं दुसरं वाचन मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर घ्याच, असं मी तिथल्या पोरांना अजूनही फोनवर सांगतो.