चक्रीवादळ येतंय? नेटवर्क जाण्याआधी फोनवर करून ठेवायची कामं

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली भागात घरांची कौलं आणि पत्रे उडाले, माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यासोबत फोनही बंद पडले. मुंबई-पुण्यातले चाकरमानी गावी कॉल लावत राहिले, पण अनेक गावांशी काही दिवस संपर्कच झाला नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. वादळाच्या वेळी फोन चालेल असं गृहीत धरू नका. फोन खरा कामाला येतो तो वादळाच्या आधीचे दोन-तीन दिवस. या लेखात आपण तेव्हा काय करायचं ते पाहूया.

नेटवर्क का जातं?

मोबाईल टॉवरला वीज लागते. विजेचे खांब पडले की टॉवर बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. पण झाडं पडून रस्ते बंद झाले तर डिझेल पोचत नाही आणि टॉवर बंद होतो. शिवाय टॉवरला जोडणारी फायबर केबल तुटली, तर फोनवर रेंज दिसते पण कॉल लागत नाही.

इशारा कधी मिळतो?

अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होतात. भारतीय हवामान विभाग टप्प्याटप्प्याने माहिती देतो. साधारण ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी पक्का इशारा, आणि १२ तास आधी वादळ किनारा ओलांडून आत कुठे जाईल याचा अंदाज. हे सगळं विभागाच्या वेबसाइटवर मिळतं. ‘मौसम’ आणि ‘सचेत’ ही सरकारी ॲप्सही फोनमध्ये ठेवा. विंडीसारख्या ॲपवर वारा बघायला मस्त वाटतं, पण घर सोडायचं की नाही हे त्यावरून ठरवू नका.

४८ तास आधी काय कराल?

१. सेटिंग्जमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ शोधा आणि चालू करा. हा अलर्ट टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर एकदम येतो, त्याला इंटरनेट लागत नाही.

२. गुगल मॅप्समध्ये आपल्या तालुक्याचा ऑफलाइन मॅप डाउनलोड करा. गावचं निवारा केंद्र कुठे आहे ते विचारून त्यावर खूण करून ठेवा.

३. आधार, रेशन कार्ड, सातबारा, विम्याचे कागद यांच्या पीडीएफ फोनमध्येच सेव्ह करा. डिजिलॉकरमधले कागद नेट नसताना उघडतीलच असं नाही.

४. घर, छप्पर, बाग, होडी, गोठा यांचे फोटो आणि व्हिडिओ काढा. नंतर नुकसानीचा पंचनामा होतो, तेव्हा आधीची स्थिती दाखवायला हे उपयोगी पडतात. त्यांची एक कॉपी बाहेरगावच्या नातेवाइकांना पाठवा.

५. एटीएममधून रोख रक्कम काढा, सुट्ट्या नोटा ठेवा. वीज आणि नेट गेल्यावर दुकानातला क्यूआर कोड काही कामाचा नाही.

२४ तास आधी काय कराल?

फोन, पॉवर बँक, टॉर्च पूर्ण चार्ज करा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच मिळतात, म्हणजे ५,००० एमएएचचा फोन एकदाच पूर्ण भरतो. घरात चार फोन असतील तर कोणता एक चालू ठेवायचा ते आताच ठरवा.

११२ हा आपत्कालीन नंबर आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर सेव्ह करा. तलाठी, सरपंच आणि घरच्यांचे नंबर कागदावरही लिहून ठेवा. फोन बंद पडला तर आईचा तरी नंबर पाठ आहे का तुम्हाला?

नेटवर्क गेल्यावर काय करायचं?

फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेंज नसली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. दर दोन तासांनी पाच मिनिटं चालू करून बघा. थोडीशी रेंज आली तर कॉलच्या आधी एसएमएस पाठवा, कमकुवत नेटवर्कवरही तो जाण्याची शक्यता जास्त. तुमच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल, तरी ११२ लागू शकतो. बातम्यांसाठी सेलवर चालणारा छोटा रेडिओ जवळ ठेवा.

वारा अचानक थांबला तरी लगेच बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावर असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने पुन्हा सुटतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम

बंदरावर वादळाचे बावटे लावतात हे कोकणातल्या मुलांना माहीत असेलच. ते १ ते ११ नंबरचे असतात. त्यातला शेवटचा, ११ नंबरचा बावटा हवामान केंद्राशी संपर्क तुटल्याचं सांगतो. म्हणजे संपर्क तुटणार हे बंदराने आधीच धरलेलं आहे.

तुमच्या घरातही असंच ठरवून ठेवा. संपर्क तुटला तर आपण सगळे कुठल्या शाळेत किंवा मंदिरात भेटणार, आजी-आजोबांना कोण नेणार, आणि रेंज आल्यावर बाहेरगावच्या कुठल्या एका माणसाला पहिला मेसेज करणार. तो माणूस बाकी सगळ्यांना कळवेल. हे ठरवायला दहा मिनिटं लागतात. आज रात्री जेवताना घरच्यांशी बोलून घ्या, आणि गावच्या ग्रुपवरही हे टाका.