डाल्मेशियातील नौकासफर

डाल्मेशियातील नौकासफर : क्रोएशियाच्या डाल्मेशिया प्रदेशात, एड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याने बंदरे व बेटे घेत शिडाच्या लहान नौकेतून केला जाणारा प्रवास.

भूरचना : येथील डोंगररांगा किनाऱ्याला समांतर आहेत. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढून दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि माथे लांबट बेटांच्या रूपाने वर राहिले. अशा रचनेला भूगोलात ‘डाल्मेशियन किनारा’ हेच नाव मिळाले आहे. क्रोएशियाची लहानमोठी बेटे हजाराहून अधिक असून त्यांपैकी सुमारे पन्नासच कायम वस्तीची आहेत. बाहेरच्या बेटांमुळे आतील पाणी बरेचसे संथ राहते. भरती-ओहोटीतील फरक सहसा अर्ध्या मीटरहून कमी असल्याने प्रवासाची वेळ भरतीवर नव्हे, तर वाऱ्यावर ठरते.

वारे : उन्हाळ्यात जमीन तापल्यावर वायव्येकडून ‘माएस्त्राल’ हा खाऱ्या वाऱ्यांच्या स्वरूपाचा वारा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. शिडांना तो सर्वांत सोयीचा. ‘यूगो’ हा आग्नेयेकडील उबदार, दमट वारा. तो हळूहळू वाढत मोठ्या लाटा उठवतो. अशा वेळी दक्षिणेकडे उघडे असलेले ह्वारसारखे बंदर मुक्कामास त्रासाचे ठरते. ‘बुरा’ हा ईशान्येकडील थंड, कोरडा वारा डायनॅरिक आल्प्सवरून झोतांनी खाली कोसळतो. तो हिवाळ्यात अधिक उग्र असला, तरी उन्हाळ्यातही अचानक येऊ शकतो. म्हणून मुक्कामाचे ठिकाण दिवसाच्या अंदाजावरून निवडतात.

नौका : साधारण १० ते १५ मी. लांबीची, एका डोलकाठीची, मोठे व पुढचे अशी दोन शिडे असलेली नौका प्रचलित आहे. वारा पडल्यास किंवा बंदरात शिरताना डिझेल इंजिन वापरतात. ताशी ५ ते ६ सागरी मैल वेगाने दिवसाला २० ते ३० मैल सहज कापता येतात (१ सागरी मैल = १.८५२ किमी.). नौका बहुधा शनिवार ते शनिवार भाड्याने मिळते. ती स्वतः चालवायची असल्यास परवाना व रेडिओ वापरण्याचे प्रमाणपत्र लागते. अन्यथा तांडेल सोबत घ्यावा लागतो. धक्क्याला नौकेची मागची बाजू लावून पुढून दोराने ताणून बांधण्याची येथे पद्धत आहे. नांगर टाकताना साखळी खोलीच्या निदान चौपट सोडतात.

मार्ग : स्प्लिटहून ब्राच, ह्वार, व्हिस, कोर्चुला व म्ल्येत घेत दुब्रोव्हनिकला जाणारा मार्ग विशेष लोकप्रिय आहे. स्प्लिट येथील रोमन सम्राट डायोक्लीशनचा राजवाडा १९७९ पासून जागतिक वारसास्थळ आहे. ह्वारवरील स्तारी ग्राद हे गाव ग्रीकांनी इ. स. पू. ३८४ मध्ये वसवले. व्हिस हा युगोस्लाव्हियाचा लष्करी तळ असल्याने १९८९ पर्यंत तेथे परदेशीयांना मज्जाव होता. म्ल्येतच्या पश्चिम भागात १९६० मध्ये, तर उत्तरेकडील कोर्नाती द्वीपसमूहात १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथे प्रवेशशुल्क भरावे लागते व नांगर टाकण्यावर बंधने आहेत.

हंगाम मे ते ऑक्टोबर असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये धक्क्यावर जागा मिळणे कठीण असल्याने नवख्यांना जून व सप्टेंबर हे महिने अधिक सोयीचे ठरतात.