विहिरीचं पाणी आणि पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच जर्नलात असतं. आदल्या बॅचचं रीडिंग 9.8 आलं, म्हणजे आपलंही तेवढंच. नाही आलं तर जुळवायचं. पालघर-बोईसरच्या मुलांना ही सवय जास्तच नडते. पुढे तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या क्यूसी लॅबमध्ये उभं राहिलं, की पद्धत ठरलेली असते, पण बाटलीत काय निघेल ते कुणी कानात सांगत नाही.

ही सवय मोडायची एक वाट म्हणजे शोधातून शिकवणं. वाट जुनी आहे. विद्यार्थ्याला शोधकाच्या जागी उभं करा, असा आग्रह लंडनचे रसायनशास्त्रज्ञ आर्मस्ट्राँग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच धरला होता. सगळंच पोरांनी शोधायचं तर अभ्यासक्रम संपायचा कधी, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. नुसतं मोकळं सोडलं तर मुलं ब्युरेट भरत बसतात. नेमका प्रश्न शिक्षकानेच आखून द्यायला हवा. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडच्या निमित्ताने अशी आखणी होत आली आहे. 2001 साली तर आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडच मुंबईत भरलं होतं.

साहित्य मात्र नेहमीचंच पुरतं. पाण्याचा कठीणपणा घ्या. कपाटातल्या कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पीएच 10 चं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घालून ईडीटीए सोडलं, की एंड पॉइंट रेंगाळतो; जांभळट छटा जाता जात नाही. शिरगावच्या किनाऱ्यालगतच्या, खारं पाणी शिरलेल्या विहिरीचा नमुना घेतला तर लाल रंग चटकन निळा होतो. असं का? इथे थांबावं, सांगू नये. कुणीतरी कॅल्शियमच्या द्रावणात चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट घालून बघेलच, आणि तिथेही रंग झटकन पालटेल. हा सूचक कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियमला घट्ट धरतो, आणि समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट असतं, इथवर चर्चा आपोआप येते. (बफरमध्ये आधीच मॅग्नेशियम घातलेलं नाही ना, एवढं लॅब असिस्टंटला विचारून ठेवा, नाहीतर प्रश्नच उरणार नाही.)

गुण आकड्याला द्यायचे की कारणाला, यावर विभागात वाद होतील. माझा कौल कारणाला. क्लोराइड मोजताना याचा कस लागतो. सिल्व्हर नायट्रेट महाग, नमुना खारा. तो किती पट पातळ करायचा हे ब्युरेट भरण्याआधी प्रत्येकाने स्वतः ठरवून, कारणासह जर्नलात लिहावं.