डब्यातल्या वहीचे कूळ

जिओकॅशिंगची जन्मकथा सांगणारे सहसा तारखेपासून सुरुवात करतात, कारण इतकी नेमकी जन्मतारीख फार थोड्या छंदांना लाभलेली आहे. जीपीएसच्या नागरी संदेशात अमेरिकी लष्कर मुद्दाम एक चूक मिसळत असे. ती यापुढे मिसळली जाणार नाही, असे १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर केले आणि त्याच मध्यरात्रीच्या सुमारास ती बंदही झाली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि जीपीएस वापरणाऱ्यांच्या चर्चागटात तिचे अक्षांश-रेखांश कळवले. तीनच दिवसांत शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातला माइक टीग तिथे पोचला. आज जगभर अशी तीस लाखांच्या आसपास ठिकाणे आहेत. कोणीतरी पाणी न शिरणारा डबा लपवतो, त्याची जागा जाहीर करतो. अनोळखी माणसे तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात, वाटल्यास एखादी चिल्लर वस्तू घेऊन दुसरी ठेवतात आणि डबा होता तिथे परत लपवतात. यावरून हा उपग्रहांनी जन्माला घातलेला खेळ आहे, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो मला अर्धाच पटतो. उपग्रहांनी या खेळाचा मुहूर्त ठरवला हे खरे. त्याचे कूळ मात्र इंग्लंडमधल्या एका ओल्या माळरानावर शोधावे लागते, आणि त्या कुळात उपग्रह सोडाच, बराच काळ यंत्र म्हणावे असे काहीही नव्हते.

उपग्रहांची बाजू आधी पुरती मांडायला हवी. मे २००० पूर्वी नागरी यंत्र दाखवत असलेली जागा सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर जमीन. ओरेगनच्या दाट झाडीत पावणेआठ एकरांत एक बादली शोधणे ही करमणूक नव्हे, शिक्षा झाली. चूक बंद झाल्यावर अचूकता सुमारे दसपट वाढली आणि तेच वर्तुळ तीन गुंठ्यांवर आले. तीन गुंठ्यांत माणूस आशेने शोधतो. दगड उचलतो, खोडामागे डोकावतो, थकण्याच्या आत त्याला यश मिळू शकते. म्हणजे हा खेळ एप्रिलमध्ये का सुरू झाला नाही आणि मे महिन्यात का झाला, याचे उत्तर या हिशेबात आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. नव्या यंत्राची परीक्षा घेऊन झाली की तो प्रयोग संपायला हवा होता. बादली सापडते हे सहा मेच्या सुमारास सिद्ध झालेच होते. मग लोकांनी लगेच आपापले डबे का लपवले, आणि पंचवीस वर्षांनी, जेव्हा जागा दाखवणाऱ्या यंत्राचे कोणालाच अप्रूप उरलेले नाही तेव्हाही, ते का शोधत आहेत?

यासाठी बादलीत काय होते ते पाहावे. काही पुस्तके, संगणकाच्या आज्ञावली, ध्वनिचित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि पुढे या खेळात दंतकथा होऊन बसलेला घेवड्याचा एक बंद डबा. त्यांच्यासोबत एक वही आणि पेन्सिलही होती. काही घ्या, काही ठेवा, आणि ते वहीत लिहा, एवढाच नियम. यंत्र तपासायला बादली पुरेशी होती. वहीची गरज नव्हती. जो आला तो घरी जाऊन सापडली म्हणून कळवू शकला असता, आणि तसे कळवलेही गेले. तरी पहिल्याच दिवशी वही आत होती. पुढच्या वर्षांत डबे आकसत गेले, शहरांत तर नखाएवढे झाले. पुस्तके, खेळणी, नाणी मावेनाशी झाली. उरली ती कागदाची गुंडाळी. खेळाच्या साहित्यातले एकेक काढत गेल्यावर जे शेवटपर्यंत काढता येत नाही, ते त्याचे मर्म मानायला हरकत नसावी.

ही वही डार्टमूरवर फार आधीपासून होती. डेव्हन परगण्यातला हा ग्रॅनाइटचा पठारी प्रदेश. झाडे विरळ, धुके अचानक उतरणारे, पायाखाली कुजलेल्या शेवाळाची दलदल. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमियर पूल नावाची जागा आहे. नावात तळे असले तरी प्रत्यक्षात तो एक निचरा झालेला खळगा. पाहण्यासारखे तिथे काही नाही. १८५४ मध्ये चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरॉट याने तिथे एक बाटली ठेवली. त्याने आणलेल्या प्रवाशांनी तिच्यात आपली भेटपत्रे टाकावीत, एवढाच हेतू. कष्टाने पोचलेल्या माणसाला आपण पोचलो हे कुठेतरी नोंदवावेसे वाटते. (ही खाज आपल्याकडेही कमी नाही, गडांच्या चिऱ्यांवर कोरलेली नावे आणि बाण लागलेली बदामे तिचीच साक्ष देतात. पेरॉटच्या बाटलीने निदान दगड वाचवले.) पुढे बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली, १९०५ पासून रीतसर नोंदवही ठेवली गेली आणि १९३७ मध्ये दगडी बांधणीची पेटी उभी राहिली. पण खरा बदल झाला तो रूढीत. ब्रिटनमध्ये १८७० साली पोस्टकार्ड सुरू झाल्यावर चालणारे स्वतःचा पत्ता लिहिलेले कार्ड पेटीत ठेवू लागले आणि त्यांच्यानंतर येणारा ते नेऊन आपल्या गावच्या टपालपेटीत टाकू लागला. कार्ड घरी पोचले की कळायचे, आपल्या मागून किती दिवसांनी आणि कुठला माणूस तिथे आला. या प्रकाराला लेटरबॉक्सिंग हे नाव पडले ते यामुळेच. भेटपत्रांच्या बाटलीत फक्त आपले नाव राहत होते. कार्डाच्या रूढीने त्याला दुसऱ्या माणसाशी बांधून टाकले. न पाहिलेल्या वाटसरूवर एक छोटे काम सोपवायचे, तो ते करेल असे धरून चालायचे, आणि आधीच्याचे काम आपण करायचे. जिओकॅशिंगचे सगळे व्याकरण इथे तयार झालेले दिसते.

एवढे असूनही पुढची शंभरेक वर्षे हा प्रकार फारसा फोफावला नाही. १८९४ मध्ये बेलस्टन टॉरवर दुसरी पेटी आली. १९३८ मध्ये डार्टमूरचा वाटाड्या-ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ डक्स पूल येथे तिसरी. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संख्या जेमतेम पंधरा-वीसच्या घरात. त्या सुमारास या पेट्यांच्या जागा दाखवणारा नकाशा निघाला आणि चित्र पालटले. काही वर्षांत डार्टमूरवर हजारो डबे झाले. प्रत्येकात वही आणि रबरी शिक्का. शोधणारा डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवतो आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. शंभर डबे शोधणाऱ्यांचे मंडळ निघाले, डब्यांच्या जागांची यादी छापली जाऊ लागली, चालणाऱ्यांचे मेळावे भरू लागले. माझ्या मते या साऱ्या वंशावळीतला हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. कारण १९७६ च्या आसपास कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते. होकायंत्र तेच, सर्वेक्षणाचा नकाशा तोच, धुकेही तेच. बदलले ते एवढेच की विखुरलेल्या जागांची एक सामायिक यादी झाली आणि यादीमुळे माणसे एकमेकांना ओळखू लागली.

यावर इतिहासाचा काटेकोर अभ्यासक आडवा येईल आणि त्याने यावेही. अल्मरने डार्टमूर पाहून बादली पुरली, असा पुरावा नाही. लेटरबॉक्सिंग अमेरिकेत पोचले ते एप्रिल १९९८ च्या स्मिथसोनियन मासिकातल्या एका लेखामुळे, आणि तो लेख वाचून तिथे शिक्के-वह्यांची जी शाखा निघाली ती जिओकॅशिंगपासून आजही वेगळी नांदते. मग नाते कसले? आक्षेप रास्त आहे, आणि रक्ताचे नाते सिद्ध करण्याचा माझा दावाही नाही. पण दोन ठिकाणी, दीडशे वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या साधनांनी, तीच रचना तयार होत असेल तर तिचे कारण साधनात शोधणे चुकीचे ठरते. डबा, वही, अनोळखी माणसाचा भरवसा आणि सामायिक यादी या चारही गोष्टी डार्टमूरवर होत्या आणि ओरेगनमध्येही जमल्या. यंत्र एकीकडे होते, दुसरीकडे नव्हते.

उलट बाजूचा पुरावाही हाताशी आहे. अल्मरच्या चार वर्षे आधी, १९९६ मध्ये, अॅलेक्स जॅरेट याने जीपीएस घेऊन एक वेगळा उद्योग सुरू केला होता: अक्षांश आणि रेखांशाचे पूर्णांक जिथे छेदतात तिथे जायचे, छायाचित्र काढायचे, वर्णन लिहायचे. तोही जगभर पसरला आणि फार सुंदर उद्योग आहे. कोणाच्या तरी भाताच्या खाचरात किंवा निर्जन वाळवंटात उभे राहून काढलेली ती छायाचित्रे मी कितीही वेळ पाहू शकतो. त्यात यंत्राची मौज पुरेपूर आहे, अगदी शंभर मीटरच्या चुकीसकट. पण छेदबिंदू कोणी लपवलेला नसतो. तिथे यजमान नाही, आणि म्हणून पाहुणाही नाही. त्या उद्योगाचा विस्तार जिओकॅशिंगच्या मानाने फारच लहान राहिला, यात मला नवल वाटत नाही.

ओरेगनच्या बादलीनंतरचे महिनेही हेच सांगतात. टीगने सापडलेल्या डब्यांची यादी ठेवायला सुरुवात केली. मे महिना संपता संपता मॅट स्टमने आजचे नाव सुचवले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश याने सर्व डब्यांची यादी एका जागी आणली, तेव्हा जगात मिळून ७५ डबे होते. उपग्रह चार महिने अचूक चालत होते आणि त्यांच्या बळावर ७५. लाखांचे आकडे यादीनंतरचे आहेत. मार्च २००१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात या मंडळींचा मेळावा झाला. त्यात शोधायला डबा नव्हता. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर फक्त माणसे भेटायची होती, आणि ती भेटही शोध म्हणून नोंदवली जाऊ लागली. २००२ पासून जाता येता रानातला कचरा गोळा करण्याचे सामुदायिक उपक्रम याच मार्गाने रुजले. वहीतल्या सह्यांना चेहरे हवेसे वाटले, यात अघटित काही नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. नेवाडातल्या एका ओसाड महामार्गावर २०१० च्या सुमारास हजाराहून अधिक डबे ओळीने ठेवले गेले. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, असा नियम आहे. ते अंतर राखून, एकापाठोपाठ एक. लोक मोटारीतून उतरतात, कागदावर ठसा मारतात, पुढे जातात. इथे कसला यजमान आणि कसला पाहुणा? ही आकड्यांची हाव आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती उपग्रहांनी आणलेली नाही; शंभर डब्यांचे मंडळ डार्टमूरवर आधीच निघाले होते. यादी माणसे जोडते तशीच मोजायलाही लावते, एकाच गुणाची ही दोन तोंडे आहेत. दुसरीकडे २००४ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने असे शोध सुरू झाले ज्यांत डबाच नाही. खडकाजवळ जायचे, थर पाहायचे, प्रश्नांची उत्तरे जागा मांडणाऱ्याला पाठवायची. वही गेली म्हणून माझा मुद्दा कोसळतो का? उत्तरे वाचणारा कोणी समोर आहे तोवर नाही.

डब्यांचा उपद्रवही खरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी पुरलेल्या डब्यांना विरोध केला तो जमीन उकरली जाते आणि नव्या पायवाटा पडतात म्हणून. डार्टमूरवरही प्राचीन दगडी अवशेषांत डबा ठेवू नये, असा दंडक घालावा लागला. २०११ मध्ये यॉर्कशरच्या वेदरबी गावात रस्त्याकडेचा एक डबा बॉम्ब समजून उडवण्यात आला. यातून परवानगी, नावाची चिठ्ठी, जमिनीत न पुरणे असे नियम आले. पण सर्वांत अर्थपूर्ण नियम वेगळाच आहे: सहलीला गेलेल्या ठिकाणी डबा लपवून घरी परतता येत नाही. त्याची देखभाल करणारे कोणीतरी जवळपास राहणारे असावे लागते, भिजलेली वही बदलायला आणि हरवलेला डबा पुन्हा ठेवायला.

सह्याद्रीकडे पाहताना मला हाच नियम आठवतो. राजगडावरून दिसणारे आकाश ओरेगनइतकेच उपग्रहांनी भरलेले आहे, जीपीएस प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, शनिवार-रविवारी गडवाटांवर गर्दी मावत नाही. तरी भारतातल्या डब्यांची संख्या युरोप-अमेरिकेच्या मानाने अगदी थोडी आहे. पावसाचे कारण पुढे केले जाईल. पण डार्टमूरच्या उंच भागावर वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथे वह्या टिकल्या आहेत. बेवारस वस्तूंबद्दलची धास्ती अधिक खरी अडचण आहे, आणि पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत डबा ठेवूच नये, हेही उघड आहे. मात्र या दोन्ही अडचणी गडाच्या परिघापुरत्या आणि शहरापुरत्या आहेत. घाटमाथ्यावरच्या शेकडो अनामिक कड्यांना त्या लागू होत नाहीत. तिथे नाही तो पेरॉट. पाहण्यासारखे काही नसलेल्या खळग्यापाशी पुनःपुन्हा जाणारा, कोण येऊन गेले ते वाचणारा आणि भरलेली वही काढून कोरी ठेवणारा माणूस कुठल्याही उपग्रहावरून खाली पाठवता येत नाही. आपल्याकडे दर महिन्याला एकाच गडाची टाकी उपसायला जाणाऱ्या मंडळींत तो कदाचित आधीच असेल, पण त्याच्या हातात सध्या घमेले आहे, वही नाही.